वाळवंटाच्या वनस्पती आणि मालवणचे आघारकर

पुण्यातील गोपाळ गणेश आगरकर पथावर आघारकर संशोधन संस्था आहे. रस्ता एका आगरकरांच्या नावाचा आणि संस्था दुसऱ्या आघारकरांच्या नावाची, त्यामुळे अनेकांची गल्लत होते. संस्थेचे नाव समाजसुधारक आगरकरांवरून पडले असावे, असा समज पुण्याबाहेर तर सर्रास आढळतो. प्रत्यक्षात या संस्थेला ते नाव १९९२ मध्ये देण्यात आले आणि ते तिचे संस्थापक, वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचे आहे. नाव फलकावर राहिले, मात्र त्या नावामागचा माणूस मराठी वाचकाच्या विस्मरणात गेला.

आज देशातील पदवीच्या विद्यार्थ्याला, मग तो वाणिज्य शाखेचा असो की कला शाखेचा, पर्यावरण हा विषय चुकवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिलेल्या निर्देशांनंतर आणि २००३ मध्ये त्यांचा पाठपुरावा झाल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाने सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम तयार केला. त्याचे पाठ्यपुस्तकही पुण्याच्या डॉ. इराक भरुचा यांनी लिहिले. मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी भारतातील विद्यापीठांत असा विषय नव्हता. वनस्पतिशास्त्र शिकणे म्हणजे प्रामुख्याने झाडांची नावे, त्यांची कुळे आणि त्यांची रचना शिकणे असे. अमुक झाड अमुक ठिकाणीच का उगवते, ते तेथे कोठून आले आणि तेथील पाणी, माती, वारा, पशुपक्षी यांच्याशी त्याचे नाते काय, हे प्रश्न परीक्षेच्या बाहेरचे होते. हेच प्रश्न घेऊन युरोपातील एका विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या काही भारतीयांमध्ये आघारकरांची गणना करावी लागते. ती पदवी त्यांना ज्या परिस्थितीत मिळाली, ती सुखाची नव्हती.

आघारकरांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवण येथे झाला. मालवण त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यात होते. उच्च शिक्षणासाठी ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात आले आणि निसर्गविज्ञानाचे शिक्षण पूर्ण करून तेथेच जीवशास्त्र शिकवू लागले. त्या काळी वनस्पती आणि प्राणी यांच्या अभ्यासाच्या वाटा आजच्याइतक्या अलग झालेल्या नव्हत्या. या शिक्षकालाही दोन्हींत सारखाच रस होता. सुट्टी मिळाली की ते सह्याद्रीकडे वळत.

वेण्णेच्या डोहातील पाहुणा

या भटकंतीतून एक शोध लागला. सातारा जिल्ह्यात जावळी तालुक्याचे ठाणे असलेले मेढे हे गाव वेण्णा नदीच्या काठी आहे. उन्हाळ्यात नदीचा प्रवाह तुटतो आणि खडकांमध्ये डोह उरतात. अशा डोहांमध्ये आघारकरांना एक विलक्षण जीव आढळला. तो होता गोड्या पाण्यातील जेलीफिश. जेलीफिश हा समुद्रातला प्राणी. मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला तो नवा नव्हता. परंतु समुद्रापासून दूर, घाटमाथ्याच्या पूर्वेस, नदीच्या गोड्या पाण्यात तो भेटणे ही गोष्ट सर्वस्वी वेगळी होती.

कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे प्रमुख आणि नामवंत प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अनान्डेल यांनी १९११ मध्ये या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याला लिम्नोक्निडा इंडिका असे नाव दिले. पुढच्याच वर्षी आघारकर आणि म्युझियमचेच एफ. एच. ग्रेव्हली यांनी मिळून या जीवाच्या सवयी आणि आढळ यांवर टिपण प्रसिद्ध केले. नदी आटून डोह झाल्यावर, एप्रिल-मे महिन्यांत तो दिसतो आणि पावसाळ्याचे लोंढे आले की दिसेनासा होतो.

शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले गेले ते आणखी एका कारणामुळे. लिम्नोक्निडा या कुळातले जीव तोपर्यंत केवळ आफ्रिकेत, टांगानिका सरोवर आणि आसपासच्या पाण्यात ठाऊक होते. मग त्यांचा एक भाऊबंद साताऱ्यात कसा पोहोचला? दोन भूभाग कधी काळी जोडलेले होते काय? की हा जीव अन्य कोणाच्या तरी आधाराने येथवर आला? खंडांच्या विभाजनाची कल्पना आल्फ्रेड वेगेनर यांनी मांडली, तीही १९१२ मध्येच, आणि ती मान्य होण्यास पुढे अर्धे शतक लागले. आघारकरांच्या हाती तेव्हा उत्तर नव्हते. परंतु येथील जीवसृष्टी कोठून आली, हा प्रश्न त्यांच्या मनात याच सुमारास पक्का झाला असावा. पुढे त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा गाभाही हाच आहे. फक्त डोहाच्या जागी वाळवंट आले आणि जेलीफिशच्या जागी काटेरी झुडपे.

कोलकात्याची निवड

१९१३ मध्ये प्रसिद्ध विधिज्ञ सर रासबिहारी घोष यांनी कोलकाता विद्यापीठाला दहा लाख रुपयांची देणगी दिली. तीतून उपयोजित गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र अशा चार विषयांची अध्यासने निर्माण झाली आणि ती भारतीयांकडेच असावीत अशी अट होती. सरकारी शिक्षणसेवेतील वरच्या जागा इंग्रज प्राध्यापकांसाठी जवळजवळ राखीव असण्याच्या काळात ही अट मोठीच म्हणावी लागेल. कुलगुरू सर आशुतोष मुखर्जी यांनी या जागांसाठी प्रांताचा विचार न करता देशभरातून माणसे निवडली. वनस्पतिशास्त्राचे पहिले घोष प्राध्यापक म्हणून तिशीच्या उंबरठ्यावरील आघारकर निवडले गेले.

या नव्या प्राध्यापकांनी आधी परदेशात जाऊन आपापल्या विषयातील अद्ययावत ज्ञान मिळवावे, अशी विद्यापीठाची योजना होती. त्यानुसार आघारकर १९१४ मध्ये जर्मनीला गेले. भौतिकशास्त्राचे घोष प्राध्यापक देवेंद्रमोहन बोस हेही त्याच वर्षी बर्लिनला पोहोचले.

जर्मनीच का, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे उत्तर सोपे आहे. सजीव आणि त्यांचे भोवताल यांच्या संबंधांच्या अभ्यासाला इकॉलॉजी हे नाव १८६६ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी दिले होते. कोपनहेगनच्या ऑयगेन वार्मिंग यांनी १८९५ मध्ये लिहिलेले वनस्पतिसमूहांवरील पुस्तक लगेचच जर्मन भाषेत आले होते आणि त्यावर एक पिढी वाढली होती. ब्रिटनमध्ये या विषयाची सोसायटी स्थापन झाली ती १९१३ मध्ये, म्हणजे आघारकर निघण्याच्या जेमतेम वर्षभर आधी. बर्लिनच्या डाहलेम भागातील वनस्पती उद्यान आणि तेथील शुष्क वनस्पतींचा संग्रह जगातील अग्रगण्य संग्रहांपैकी एक होता. त्याचे संचालक अ‍ॅडॉल्फ एंग्लर हे वनस्पतींच्या भौगोलिक प्रसाराचे तेव्हाचे सर्वांत मोठे अभ्यासक होते. आफ्रिकेतील वनस्पतींवर त्यांचा अधिकार होता. साताऱ्याच्या डोहात आफ्रिकेचा नातलग पाहिलेल्या विद्यार्थ्याला याहून योग्य गुरू मिळणे कठीण होते.

परंतु ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. आघारकर ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन असल्यामुळे एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. जर्मनीतील अशा नागरिकांना स्थानबद्ध करण्यात येऊ लागले आणि आघारकरांनाही स्थानबद्धता भोगावी लागली. कोलकात्याला परतण्याचा मार्ग बंद झाला. ज्या साम्राज्याने त्यांना आपल्या देशात दुय्यम स्थान दिले होते, त्याच साम्राज्याचे नागरिक म्हणून त्यांना परदेशात अडकून पडावे लागले, ही यातील विसंगती आज अधिक स्पष्टपणे जाणवते. युद्धाच्या अखेरच्या वर्षांत नाकेबंदीमुळे बर्लिनमध्ये अन्नाची तीव्र टंचाई होती. १९१६-१७ चा हिवाळा तर सलगमांचा हिवाळा म्हणूनच इतिहासात नोंदला गेला आहे, कारण बटाटाही मिळेनासा झाला होता.

या वर्षांतच आघारकरांनी आपला प्रबंध पूर्ण केला. बर्लिन विद्यापीठाने त्यांना १९१९ मध्ये डॉक्टरेट दिली. दोन-तीन वर्षांचा समजलेला मुक्काम सुमारे सहा वर्षांचा झाला होता.

म्हाताऱ्या, गोखरू आणि पीलू

प्रबंधाचा विषय होता वायव्य भारतातील कोरड्या, निमकोरड्या आणि खारट जमिनीत वाढणाऱ्या वनस्पतींचा प्रसार, त्या प्रसाराची साधने आणि त्या वनस्पतींचे मूळ. तो जर्मन भाषेत असून एंग्लर यांच्या नियतकालिकात १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. विषयाचे नाव लांबलचक आहे, पण त्यातील प्रश्न शाळकरी मुलालाही कळावा असा आहे.

वनस्पतीला पाय नसतात, तरीही ती प्रवास करते. रुईची बोंडे उकलली की रेशमी केसांच्या म्हाताऱ्या वाऱ्यावर उडतात आणि मुले त्यांच्यामागे धावतात. त्या प्रत्येक म्हातारीखाली एक बी असते. गोखरूचे काटेरी फळ जनावराच्या खुरात किंवा माणसाच्या वहाणेत रुतून कोसच्या कोस जाते. पीलूची फळे पक्षी खातात आणि बी दूर नेऊन टाकतात. ज्याच्या काड्या मिसवाक म्हणून दात घासायला वापरतात, ते पीलूचे झाड आफ्रिकेपासून अरबस्तानमार्गे सिंध-राजस्थानपर्यंत पसरलेले आहे. अशी साधने ज्यांच्याजवळ आहेत त्या वनस्पती किती दूर पोहोचल्या आणि ज्यांच्याजवळ नाहीत त्या कोठे अडल्या, याची सांगड घातली तर एखाद्या प्रदेशातील हिरवाईचा इतिहास उलगडू शकतो. सिंध, राजपुताना आणि पंजाबच्या रखरखीत भागासाठी आघारकरांनी हीच सांगड घालण्याचा प्रयत्न केला.

प्रजातींची नुसती यादी करण्यापलीकडे जाऊन त्यांच्या येण्याजाण्याचे कारण शोधणे, हे तेव्हाच्या भारतीय वनस्पतिशास्त्रात नवे होते. अलाहाबादच्या विनफिल्ड डजन यांचा गंगेच्या वरच्या खोऱ्यातील वनस्पतींवरचा अभ्यासही याच सुमारास, १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. भारतातील परिस्थितिविज्ञानाचा आरंभ सांगताना डजन यांचे नाव घेतले जाते. आघारकरांचे तितके घेतले जात नाही. त्यांचा प्रबंध जर्मन भाषेत होता आणि महायुद्धानंतर भारतीय विद्यार्थ्यांनी ती भाषा शिकण्याचे कारण उरले नाही, हे याचे एक कारण असावे. ज्या डाहलेममध्ये हा अभ्यास झाला, तेथील शुष्क संग्रहाचा फार मोठा भाग पुढे दुसऱ्या महायुद्धात, १ मार्च १९४३ च्या रात्री बॉम्बवर्षावात जळून गेला.

जर्मन पाना

१९२० मध्ये आघारकर कोलकात्यात परतले आणि बालीगंज येथील वनस्पतिशास्त्र विभागात रुजू झाले. पुढची सव्वीस वर्षे ते तेथे होते. विभाग जवळपास नव्याने उभा करायचा होता. त्यांनी नेपाळपर्यंत जाऊन वनस्पतींचे नमुने गोळा केले, विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेबाहेर नेले आणि बंगालच्या शेताशी, पाण्याशी जोडलेले विषय हाती घेतले.

त्यातील एक विषय आज पुणे, बंगळुरू किंवा कोल्हापुरात राहणाऱ्या वाचकालाही जवळचा वाटेल. तो म्हणजे जलपर्णी. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जांभळ्या फुलांच्या या वनस्पतीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत बंगालच्या नद्या, खाड्या आणि भातखाचरे व्यापली. होड्या अडू लागल्या, मासे मरू लागले, पुराबरोबर वाहत आलेले गठ्ठे भाताचे पीक मोडू लागले. महायुद्धाच्या काळात ही वनस्पती वाढल्यामुळे लोक तिला जर्मन पाना म्हणू लागले. जर्मनीत सहा वर्षे काढून आलेल्या प्राध्यापकाला हे नाव ऐकून काय वाटले असेल, हे आपण केवळ कल्पनेनेच ठरवू शकतो. सरकारने १९२१ मध्ये सर जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, १९३६ मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि १९३७ च्या निवडणुकीत पक्षांनी जलपर्णी हटवण्याचे आश्वासन जाहीरनाम्यात दिले.

उपाय म्हणून बहुतेकांच्या मनात एकच गोष्ट होती, ती म्हणजे वनस्पती उपटून काढणे किंवा जाळणे. आघारकरांनी आय. बॅनर्जी यांच्यासह जलपर्णीचे परागण आणि बीजधारणा यांवरील अभ्यास १९३० मध्ये प्रसिद्ध केला. विषय वरवर किरकोळ वाटतो. परंतु जलपर्णी केवळ धुमाऱ्यांनी वाढत असेल तर ती उपटणे पुरेसे ठरते आणि तिला बी धरत असेल तर गाळात पडलेले बी अनेक वर्षांनीही रुजू शकते. म्हणजेच तलाव वरून स्वच्छ दिसला तरी काम संपलेले नसते. वायव्य भारतात बी कसे प्रवास करते हे शोधणाऱ्या अभ्यासकाने बंगालमध्येही नेमका बियांचाच प्रश्न विचारावा, यात सुसंगती आहे.

हा प्रश्न सुटलेला नाही. बंगळुरूच्या शिवाजीनगरची वस्ती पूर्वेकडे जेथे संपते, त्या भागातील हलसूर तलावात मार्च २०१६ मध्ये हजारो मासे मरून तरंगू लागले, तेव्हा सांडपाण्याबरोबरच जलपर्णीचाही विषय निघाला आणि ती काढण्यासाठी मद्रास सॅपर्सचे जवान पाण्यात उतरले. पुण्याच्या मुळा-मुठा आणि पवना नद्यांवर दर उन्हाळ्यात हेच दृश्य दिसते. निविदा निघतात, यंत्रे येतात, हिरवा थर हटतो आणि पुन्हा येतो.

आघारकरांनी केळीच्या कुळातील गुणसूत्रांच्या संख्येवरही पी. एन. भादुरी यांच्यासह १९३५ मध्ये काम प्रसिद्ध केले. तरीही स्पष्टपणे सांगायला हवे, की बर्लिनच्या प्रबंधाने जी अपेक्षा निर्माण केली होती, त्या मानाने त्यांच्या नावावरील संशोधन कमी आहे. सह्याद्रीचा, कोकणाचा तसा समग्र अभ्यास त्यांच्या हातून झाला असता तर मराठी मुलखाला त्याचा मोठा लाभ झाला असता. तो झाला नाही. त्यांचा वेळ संस्थांनी घेतला. १९२० मध्ये स्थापन झालेल्या भारतीय वनस्पतिशास्त्र संघटनेच्या आरंभीच्या मंडळींत ते होते. भारतीय विज्ञान परिषदेचे काम त्यांनी पाहिले. जानेवारी १९३५ मध्ये कोलकात्यात राष्ट्रीय विज्ञान संस्था स्थापन झाली, तेव्हा भूशास्त्रज्ञ ए. एम. हेरन यांच्याबरोबर चिटणिसाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. हीच संस्था आज भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी म्हणून ओळखली जाते. पत्रव्यवहार, घटना, वर्गणी, इतिवृत्ते या कामांनी कोणी शास्त्रज्ञ म्हणून मोठा होत नाही, आणि ती कोणीतरी केल्यावाचून शास्त्रज्ञांना काम करायला जागाही मिळत नाही.

निवृत्तीनंतरची चौदा वर्षे

१९४६ मध्ये आघारकर कोलकात्याहून निवृत्त झाले आणि पुण्यास आले. तेव्हा ते बासष्टीच्या घरात होते. कोलकात्यात महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेली, सरकारी सत्तेपासून स्वतंत्र असलेली विज्ञानसंस्था त्यांनी जवळून पाहिली होती. सी. व्ही. रामन यांचे संशोधन त्याच संस्थेत झाले होते. महाराष्ट्रात असे काही नव्हते. त्या नमुन्यावर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४६ मध्येच महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी ही संस्था सुरू केली. आघारकर तिचे संस्थापक-संचालक झाले आणि अखेरपर्यंत त्यांनी हे काम मानद स्वरूपात केले.

हाती पैसा नव्हता, संस्थेला आरंभी स्वतःची इमारत नव्हती. कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी आघारकरांनी घरचे दागिने गहाण टाकल्याची आठवण आजही सांगितली जाते. परतंत्र देशातील विद्यापीठात मिळाले नाही, ते स्वतंत्र देशातील लहानशा खोल्यांत उभे करण्याचा तो प्रयत्न होता. त्यांनी वनस्पतींचा संग्रह जमवला, तरुण अभ्यासक मिळवले आणि पश्चिम घाट हे संस्थेचे क्षेत्र ठरवून टाकले. २ सप्टेंबर १९६० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

पुढे ही संस्था गहू आणि सोयाबीनच्या वाणांसाठी शेतकऱ्यांत ओळखली जाऊ लागली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्या वाणांना एमएसीएस हे नाव मिळाले. वनस्पतिसंग्रहाचे काम डॉ. वा. द. वर्तक यांनी सांभाळले. महाराष्ट्रातील गावोगावच्या देवराया, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली आणि कुऱ्हाड न लागलेली राने, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. हार्वर्ड विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवून १९७१ मध्ये पुण्यास परतलेले माधव गाडगीळ याच संस्थेत दाखल झाले आणि वर्तकांबरोबर देवरायांत फिरू लागले. दोघांचा देवरायांवरील लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. तोपर्यंत गाडगीळ बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले होते. तेथे १९८३ मध्ये त्यांनी परिस्थितिविज्ञानाचे केंद्र सुरू केले आणि त्यानंतर हा विषय शिकण्यासाठी परदेशाची वाट धरणे भारतीय विद्यार्थ्याला अपरिहार्य राहिले नाही.